येळवशीतला नाताळ आणि एक जास्तीचं ताट

डिसेंबर आला की आमच्या पुण्यातल्या इमारतीत दोनच प्रकारची माणसं उरतात: गोव्याचं बुकिंग मिळालेली आणि गोव्याचं बुकिंग न मिळालेली. आम्ही दोन्हींत बसत नाही. माझा नवरा मारेक पोलंडचा, मी कळंब तालुक्यातली, आणि आमची लेक मीरा ज्या दिवशी जे सोयीचं असेल तिथली. लग्न झाल्यापासून आम्ही नाताळ पुण्यातच केला. प्लास्टिकचं झाड, कापसाचा बर्फ, डोक्यावर फिरणारा पंखा आणि घाम पुसत प्यायलेलं बीटचं गरम सूप. "थंडीशिवाय नाताळ कसला," असं मारेक दरवर्षी म्हणायचा आणि मी दरवर्षी कपाटातून त्याचा लोकरी स्वेटर काढून त्याच्या अंगावर फेकायचे. आमचा हा ठरलेला विनोद होता.

यंदा तो झाला नाही. दसऱ्याच्या सुमारास माझ्या सासूबाई, हान्ना, गेल्या. मारेक एकटाच जाऊन आला, आणि नोव्हेंबर संपता संपता पुन्हा जाऊन वडिलांना सोबत घेऊन आला. माझ्या सासऱ्यांना आम्ही तातो म्हणतो. त्यांच्याकडे वडिलांना तीच हाक मारतात. तातो म्हणजे सहा फुटी, शांत, एका साखर कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस. इंग्रजी येत नाही, मराठीचा प्रश्नच नाही. पुण्यात आल्यापासून ते बाल्कनीत बसून खालच्या वाहनांकडे बघत असायचे. हान्नाचं नाव ते काढत नव्हते, कारण मारेकला त्रास होईल. मारेक काढत नव्हता, कारण त्यांना त्रास होईल. आणि मी काढत नव्हते, कारण दोघंही काढत नव्हते.

या सहलीमागचा खरा डाव आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना माझ्याबद्दल गैरसमज नको. मारेकने मला स्पष्ट सांगितलं होतं: तातो इथं राहायला तयार झाले तर आपण पुण्यात राहू. नाही झाले तर मी बदली मागून घेणार, आणि आपण तिकडे जाणार. त्याचं चूक नव्हतं. तोही एकुलता एक. पण एकुलती एक तर मीही आहे. येरमाळ्याच्या पुढं एका गावात माझे आई आणि अण्णा दोघंच राहतात, आणि त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा तातोंना आमचा मुलूख आवडलाच पाहिजे, असा चंग बांधून मी निघाले होते. गोव्याला जाणाऱ्यांना एवढं टेन्शन नसतं.

मुहूर्तही मी नेमका काढला होता. धाराशिव आणि लातूरकडं मार्गशीर्षातल्या अमावस्येला वेळ अमावस्या असते. आमच्याकडं तिला येळवस म्हणतात. त्या दिवशी अख्खं घर शेतात जेवायला जातं. यंदा येळवस आणि पोलंडच्या नाताळची मुख्य संध्याकाळ अगदी लागून आल्या होत्या. एक दिवस आमचा सण, दुसऱ्या दिवशी त्यांचा.

रस्त्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी: पुण्याहून सोलापूर महामार्ग धरायचा, टेंभुर्णीला सोडायचा, मग कुर्डुवाडी, बार्शी आणि येरमाळा. सकाळी लवकर निघालात तर दुपारच्या जेवणाला पोचता, पण डिसेंबरात नाही. डिसेंबरात उसाच्या ट्रॉल्या असतात. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, त्यावर डोंगराएवढा ऊस, आणि मागं कसला दिवा असेल तर नशीब. त्यांना ओव्हरटेक करताना घाई करू नका. मारेकने केली आणि मी त्याला तीन भाषांत सुनावलं.

कुर्डुवाडीच्या पुढं कुठल्याशा कारखान्याच्या मळीचा वास गाडीत शिरला. मीराने नाक दाबलं, मी काच वर करायला गेले, तर तातोंनी मागून माझा खांदा धरला आणि स्वतःची काच पूर्ण खाली घेतली. त्यांनी डोळे मिटून दोन-चार मोठे श्वास घेतले आणि काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"म्हणतात, बीट असो की ऊस, वास तोच," मारेक म्हणाला. तो माझ्याकडं बघून हसला. पुण्यात आल्यापासून तातो पहिल्यांदा स्वतःहून काही बोलले होते. मला वाटलं, पहिला डाव आपण मारला.

येरमाळ्याला येडेश्वरीच्या डोंगराशी थांबलो. यात्रेच्या दिवसांत इथं पाय ठेवायला जागा नसते, पण एरवी दुपारी निवांत असतं. पायथ्याशी गाडी लावायला जागा आहे, ओटीची आणि नारळाची दुकानं आहेत, चहा बरा मिळतो. तातो पायऱ्या चढले, हळूहळू, पण माझ्यापेक्षा बरे. वर गेल्यावर टोपी काढून बाजूला उभे राहिले. खाली दूरपर्यंत तुरीची पिवळट शेतं, ज्वारीचे हिरवे पट्टे आणि महामार्गावरून रांगणारे ट्रक दिसत होते. उतरताना त्यांनी मारेकला काही विचारलं. मारेक जरा घुटमळला आणि मग त्याने मला विचारलं.

"तातो विचारतात, तुमच्या गावाची कबर... म्हणजे स्मशान कुठं आहे."

मी सांगितलं, आमच्याकडं जाळतात, राख नदीत सोडतात. कबर नसते.

तातोंनी ते ऐकून घेतलं. दोन पायऱ्या उतरले आणि पुन्हा थांबून बोलले. मारेकने भाषांतर केलं, "मग तुम्ही भेटायला जाता कुठं?"

मी म्हटलं, पायरी बघून उतरा.

गावात पोचलो तेव्हा अण्णा फाट्यावर येऊन उभे होते. अण्णांनी तातोंचा हात दोन्ही हातांत धरला, मोठ्यानं "या पाव्हणं, या!" म्हणाले आणि मग सगळं मराठीतच बोलत राहिले. ऊस कसा आहे, विहिरीला पाणी किती आहे, गुडघा कसा दुखतो. तातो मान डोलवत होते. आईने मात्र फक्त बघून घेतलं आणि माझ्या कानात म्हणाली, "लई खंगल्यात गं. बाई गेली की पुरुषाचं असंच व्हतं." मग चुलीकडं वळली.

दुसऱ्या दिवशी येळवस. त्या दिवशी धाराशिव, लातूरच्या बाजारपेठांत चिटपाखरू नसतं. हॉटेल शोधू नका, उघडं सापडणार नाही, आणि सापडायची गरजही नाही. कुठल्याही शेताच्या बांधाला गाडी थांबवा. आतून कुणीतरी हाक मारतंच. ज्यांना रान नाही, त्यांना रान असलेले बोलावून नेतात, आणि वाटेनं जाणारा माणूस उपाशी गेला तर घरच्यांना कमीपणा वाटतो. अण्णा तर बांधावर उभे राहून मोटारसायकली अडवत होते. बँकेतला कुणी साहेब घाईत होता, त्याची किल्लीच काढून घेतली.

शेतात अण्णांनी कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली होती. कोप म्हणजे वाळलेल्या ज्वारीच्या ताटांचं छोटं खोपट. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली, मग अण्णा आणि मीरा आंबिलाचं गाडगं घेऊन "ओलगे, ओलगे" असं ओरडत शेताला फेरी मारून, आंबील शिंपडून आले. मीराचा आवाज पलीकडच्या शेतातही ऐकू गेला असेल. मग घोंगड्यांवर पंगत बसली. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाल, मेथी, गाजर आणि घरात सापडेल ते सगळं घालून केलेली भज्जी, बाजरीच्या पिठाचे वाफवलेले उंडे, तिळाच्या पोळ्या, आंबील, आणि शेवटी गव्हाची खीर. आमच्याकडं उखळात सडलेला गहू रात्रभर भिजवतात, गूळ, खोबरं आणि भरपूर खसखस घालून मंद आचेवर शिजवतात. आईची खीर गावात नावाजलेली आहे. म्हणून मी मुद्दाम तातोंच्या वाटीत दोन डाव वाढले.

त्यांनी भज्जी खाल्ली, उंडा खाल्ला, आंबील पिऊन तोंड वेडंवाकडं केलं आणि सगळ्यांना हसवलं. मग खिरीचा एक घास घेतला. तो गिळायला त्यांना बराच वेळ लागला. त्यांनी वाटी घोंगडीवर ठेवली, उठले आणि काही न बोलता तुरीच्या पट्ट्याच्या पार टोकाला जाऊन पाठमोरे उभे राहिले.

आईच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"लई ग्वाड झालं का गं?" तिने मला विचारलं. "का त्यांच्यात चालत न्हाई?"

"काही नाही, पोट भरलं असेल," मी म्हटलं आणि मारेककडं बघितलं. मारेकने तोवर स्वतःचा घास घेतला होता. तो वाटीत बघत बसला होता. मी कोपराने ढोसलं, तर म्हणाला, "नंतर." मला राग आला. मी आईच्या समोर त्या माणसाला किती सांभाळून आणलं होतं, आणि त्याने तिची खीर टाकून पाठ फिरवली होती. त्यातून ती खीर यंदा आईने दुखऱ्या हाताने ढवळली होती. संध्याकाळी कडब्याचा पेटता हेंडगा, म्हणजे पेंढीची मशाल, घेऊन अण्णा शेताभोवती फिरले, तेव्हाही तातो लांबच उभे होते. आपला डाव फसला, असं मला तेव्हाच वाटलं.

तिसरा दिवस नाताळच्या संध्याकाळचा. सकाळी तेरखेड्याला गेलो. येरमाळ्याहून बीडच्या अंगाला महामार्गानं थोडंसंच जायचं. फटाक्यांचं गाव आहे. दिवाळी नसताना गेलात तर दुकानदार निवांत बोलतात आणि भावही नरम असतात. पोलंडमध्ये नाताळच्या झाडाला फुलबाज्या टांगून पेटवतात, हे मारेकने सांगितल्यापासून मीरा हटून बसली होती.

"आता कशाला गं फुलबाज्या?" दुकानदाराने मीराला विचारलं. "दिवाळी झाली की."

"नाताळ आहे आज आमच्याकडं."

"असं व्हय? ने मग. आमाला काय, सण कुणाचा का असंना." त्याने एक पाकीट वरून दिलं. तातोंकडं बघून मला म्हणाला, "ह्येंला थंडी वाजत न्हाई का?" तातो अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात उभे होते. आम्ही सगळे स्वेटरात होतो.

दुपारपासून घरात विगिलियाची, म्हणजे त्या संध्याकाळच्या जेवणाची, तयारी सुरू झाली. त्यांच्यात त्या दिवशी मांस वर्ज्य असतं, त्यामुळे आईला काही अडचण नव्हती. अडचण होती ती टेबलाची. तातोंना जमिनीवर बसून जेवणं एकदाच जमलं होतं. अण्णांनी किराणा दुकानातून प्लास्टिकचं टेबल उचलून आणलं. त्यावर पांढरी चादर, आणि चादरीखाली थोडं वाळलेलं गवत घालायची त्यांची रीत आहे, गोठ्यात जन्मलेल्या बाळाची आठवण म्हणून. आम्ही कालच्या कोपेतली कडब्याची पानं घातली. अण्णांना हे फारच पटलं. "म्हंजी ह्यांची बी येळवसच की," ते म्हणाले.

पहिली चांदणी दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नसतं. मी आणि मीरा अंगणात मान वर करून उभ्या होतो. मारेक आत ताटं मांडत होता. त्यांच्यात घरच्या माणसांपेक्षा एक ताट जास्त मांडतात आणि रिकामं ठेवतात. अवचित कुणी दाराशी आलं तर त्याच्यासाठी. पुण्यातही आम्ही दरवर्षी ठेवतो, आणि दरवर्षी कुणी येत नाही, फार तर कुरिअरवाला. हे आईला सांगायला हवं, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही. इतक्या सवयीची गोष्ट होती.

"दिसली!" मीरा ओरडली. आम्ही आत आलो तेव्हा आई टेबलाशी उभी होती. जास्तीचं ताट तिने बघितलं होतं आणि कुणाला काही न विचारता वाढायला घेतलं होतं. भात, वरण, भाजी, भाकरीचा तुकडा, मिठाची चिमूट, सगळं थोडं थोडं. मग तिने ताटाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि म्हणाली, "इहीणबाई, जेवा."

मारेकने हातातला पेला खाली ठेवला. मग गडबडून म्हणाला, "आई, ते ताट रिकामं ठेवायचं असतं. पाहुण्यासाठी."

"रिकामं?" आईने त्याच्याकडं बघितलं. "जावाईबापू, वरीस झालं न्हाई त्यास्नी जाऊन. पयलाच सण हाय. हे ताट त्यांचंच की."

"नाही, म्हणजे, जिवंत माणसासाठी असतं. कुणी येईल म्हणून वाट बघायची."

"जित्या माणसाची वाट अशी ताट मांडून बगत न्हाईत," आई ठामपणे म्हणाली. "वंगाळ असतं ते."

तातोंनी मारेकची बाही ओढली. त्यांना काय चाललंय ते कळायला हवं होतं. मारेकने सांगायला सुरुवात केली आणि मधेच माझ्याकडं बघितलं. उरलेलं मी माझ्या मोडक्या पोलिशमध्ये सांगितलं: माझ्या आईला वाटलं, हे हान्नाचं ताट आहे. ती हान्नाला वाढते आहे.

ते नाव घरात पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने घेतलं होतं. तातो ताटाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता उठून जाणार, कालच्यासारखे. पण ते बसूनच राहिले आणि हळू आवाजात काहीतरी म्हणाले.

"विचारतात, ती इथवर येईल का," मारेक म्हणाला.

"न यायला काय झालं?" आई म्हणाली. "आता त्यास्नी कुठं तिकीट लागतंय." मग खुर्ची ओढून तातोंच्या शेजारीच बसली. "त्यास्नी काय आवडायचं, ते विचारा बरं. आपलं मी आपल्या मनानं वाढलंय."

आणि मग तातो बोलले. दोन महिन्यांचं साठलेलं बोलले. मारेक भाषांतर करता करता मागं पडत होता. हान्नाला खारवलेला मासा आवडायचा, तिखट मुळ्याची चटणी आवडायची. आणि नाताळला ती गहू भिजवून, मध, अक्रोड आणि खसखस घालून एक गोड पदार्थ करायची, तिच्या आजोळच्या बाजूचा. तो खायला मिळणार नाही म्हणून यंदा त्यांना नाताळच नको होता. तोच पदार्थ काल शेतात त्यांच्या वाटीत आला. "आणि माझ्याच्याने गिळवेना," असं ते म्हणाले. त्यांनी आईची माफी मागितली.

आईने पदराने डोळे पुसले आणि उठली. कालची खीर पातेल्यात उरली होती. तिने गरम केली, आधी त्या ताटात वाढली, मग तातोंना. तातोंनी सगळी खाल्ली. आम्हीही जेवलो, रडत आणि नाक ओढत. त्यांच्या रीतीप्रमाणे तातोंनी तिकडून आणलेली पातळ पांढरी पापडी सगळ्यांत मोडून वाटली, एकेकाला शुभेच्छा दिल्या. अण्णांनी तुकडा कपाळाला लावून खाल्ला. जेवण झाल्यावर आई म्हणाली की आता कावळा कुठला, ताट गाईला देऊ. तातोंनी ते स्वतः उचललं, अण्णांच्या मागोमाग गोठ्यात नेलं आणि पापडीचा राहिलेला तुकडाही गाईपुढं धरला. तिकडंही गोठ्यातल्या जनावरांना देतात म्हणे. मीराने कडुनिंबाच्या फांदीला फुलबाज्या अडकवून पेटवल्या. मी मारेकचा हात धरून उभी होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, राहतात. हे आता इथं राहतात. मला फार फार बरं वाटत होतं, आणि त्याचं कारण हान्ना नव्हती, हेही मला कळत होतं.

सकाळी अंगणात उन्हाला बसून चहा घेत होतो. आई सुपात तुरीच्या शेंगा सोलत होती. तातोंनी कप खाली ठेवला आणि मारेकशी बोलायला लागले. बराच वेळ बोलले. मी जे समजलं ते समजलं, उरलेलं मारेकने सांगितलं.

ते परत जाणार होते. तिकीट होतं त्याच तारखेला. घर बंद राहिलं की हिवाळ्यात पाण्याचे पाइप फुटतात, असं ते आधी म्हणाले. मग म्हणाले, तुझ्या सासूने काल हान्नाला जेवायला घातलं. जिने तिला कधी बघितलंही नाही, तिने. आणि मी घराला कुलूप लावून, तिला तिथं बर्फात सोडून इतक्या लांब आलो. तिचं ताट मी मांडायला पाहिजे, आमच्या टेबलावर. मला घरी जायचंय.

मी आईकडं बघितलं. तिला अजून काही कळलं नव्हतं. तिने केलेल्या एका चांगल्या गोष्टीने माझा सगळा डाव उधळला होता आणि ती शेंगा सोलत होती.

"काय म्हंत्यात पाव्हणं?" अण्णांनी विचारलं. मारेकने सांगितलं, सरळ, न लपवता. बदलीचंही सांगितलं. इतके दिवस मी जे दाबून ठेवलं होतं ते त्याने एका दमात अंगणात मांडलं. त्याच्याही मनावर ओझं होतंच.

अण्णांनी उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "बराबर हाय त्यांचं. मला तरी कुणी नेलं असतं तर मी रान सोडून ऱ्हायलो असतो का? न्हाई ऱ्हायलो." आणि मारेकला म्हणाले, "जावाईबापू, तुमी जावा. बापाला एकलं सोडू नगा."

"मला विचारलंय का कुणी?" मी ओरडलेच. "आणि तुम्ही? तुम्ही दोघं एकटे नाही का इथं?"

"आमी दोघं हाव की," अण्णा म्हणाले. "दोघं असल्यावर एकटं कसं?"

मला त्यांनी 'जाऊ नको' म्हणायला हवं होतं. एकदा तरी. मी मारेकशी भांडले असते, तातोंशी भांडले असते, मला फक्त कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं. आईने मान वर केली नाही. तिच्या सुपात सोललेले दाणे आणि टरफलं एकत्र पडत होती.

निघताना तिने गाडीत तुरीच्या शेंगा, बाजरीचं पीठ, तिळाच्या पोळ्या भरल्या. तातोंच्या हातात वेगळी पिशवी दिली, सडलेला गहू आणि खसखस. "रातभर भिजवायचा म्हणावं," एवढंच बोलली. तातोंनी वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं, तिकडच्या रीतीने. गावातल्या दोन बायका दारात उभ्या होत्या त्यांनी तोंडाला पदर लावला. एरवी आई लाजून मेली असती. तिने हात काढून घेतला नाही.

परतीच्या रस्त्याचं सांगण्यासारखं काही नाही. त्याच ट्रॉल्या, तेच खड्डे, बार्शीत डिझेल भरलं, टेंभुर्णीला मीराने उलटी केली. मळीचा वास आला तेव्हा कुणी काच खाली घेतली नाही.

जाणाऱ्यांनी जरूर जा. येळवस दरवर्षी येते, तारीख पंचांगात बघा, सोबत सुती टोपी आणि संध्याकाळसाठी शाल घ्या. खायला काही नेऊ नका. शेताच्या बांधावर कुणी अडवलं तर मोटारसायकलची किल्ली आपण होऊन काढून द्या. आम्हाला कुणी विचारलं की भारतात नाताळ कुठं करावा, तर मी गोवा सांगत नाही आता.

तातो गेले. व्हिडिओवर दिसतात, पाठीमागे खिडकीत बर्फ, टेबलावर दोन ताटं. मारेकची बदली मंजूर झाली. मीराची परीक्षा संपली की निघायचं. प्लास्टिकचं झाड खोक्यात घालून खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाला देऊन टाकलं, तिकडं खरी मिळतात. मारेक रात्री झोपेतून उठून माझ्या डोक्यावरून हात फिरवतो, आणि मी झोपल्याचं सोंग करते.

परवा आईचा फोन आला. गुडघ्याचं झालं, पावट्याचं झालं, गाय गाभण असल्याचं झालं. मग तिने विचारलं, "ते तुमच्यातलं रिकामं ताट गं. कुणी येईल म्हणून मांडत्यात ते. किती दिवस मांडत्यात?"

"एकच दिवस गं," मी म्हटलं. "फक्त नाताळच्या संध्याकाळी."

"एकच दिवस?" ती म्हणाली. पलीकडून भांड्याचा आवाज आला आणि थांबला. "आन् बाकीच्या दिवशी काय करत्यात?"